पटकीच्या साली दोन देवळं

कौठाळी, तालुका भालकी
६ मे १९४३

श्रीमती निलम्मा यांस,
सिस्टरांचा दवाखाना, हैदराबाद.

कौठाळी मिशनचा सिद्धराम मास्तर याचा सलाम. बारा वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर आपण पाकीट न उघडताच चुलीत घालाल अशी भीती वाटते. घालण्याआधी एवढंच वाचावं, की हे पत्र मी माझ्यासाठी लिहीत नाही.

कौठाळीत पटकी आली आहे. आज नववा दिवस. आमच्या मिशनच्या गल्लीत दोघं गेली, रोमन कॅथलिकांच्या गल्लीत सात, धनगरांच्या वस्तीवर चार. गावात किती, ते गाव सांगत नाही. सरकारी डॉक्टर आले, सगळ्यांना टोचून गेले. त्यांच्या एकट्याच्या गळ्यात चार तालुके आहेत. विहिरीत टाकायला त्यांनी दिलेली लाल दवा दोन विहिरींतच संपली. आमच्या मिशनच्या दवाखान्याला लिहिलं, तर तिथं व्हरांड्यातसुद्धा माणसं झोपवली आहेत असं उत्तर आलं.

आपण दवाखान्यात नर्स आहात हे मला अंकुशरावांनी सांगितलं. आपले दीर आणि मी एकाच गावात राहतो, पण मी मिशनचा प्रॉटेस्टंट उपदेशक आणि ते रोमन कॅथलिक देवळाचे कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, त्यामुळं रस्त्यात समोरासमोर आलो तरी दोघंही दुसरीकडं बघायचो. परवा ते माझ्या दारात आले. आत बोलावलं, आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाले, "वहिनींना तुमी लिवा. मी लिवलं तर वाचून ठिवतील. तुमी लिवलाव म्हंजे त्यांना कळंल, हितं काय व्हायलंय."

त्यांचे फादर इटलीचे. इटली लढाईत शत्रूच्या बाजूनं उतरल्यापासून त्यांना हैदराबाद सोडायची परवानगी नाही, तेव्हा रोमनांच्या गल्लीचं सगळं तीन वर्षं अंकुशरावांच्याच अंगावर आहे. माझ्या डोक्यावर निदान मिशनचे साहेब तरी आहेत, दोन महिन्यांनी घोड्यावरून येऊन हजेरीपट बघणारे.

आम्हाला हवी आहे लाल दवा, जितकी मिळेल तितकी, आणि फिनेल. आणि आजाऱ्याला काय द्यायचं, किती द्यायचं, ते लिहून. पार्सल बिदर स्टेशनवर आलं तर माणूस पाठवून आणवतो.

पहिला माणूस कोण गेला, कसा गेला, ते इथं लिहीत नाही. वेळ नाही.

आपण यावं अशी विनंती करायचा मला हक्क नाही. म्हणून करत नाही.

सिद्धराम


कौठाळी
१५ मे १९४३

अक्का,

मागच्या पत्रात मी 'आपण' लिहिलं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तुझ्या पदराला धरून मोठा झालो. तुला 'आपण' लिहिताना हात अडत होता. आज 'तू' लिहितो. राग येणार असेल तर तोही येऊ दे.

पार्सल पोचलं. मी गवत, कागद, सगळं उलटंपालटं करून बघितलं. चिठ्ठी नव्हती. फक्त डब्यांवर कागद चिकटवलेले. 'एका विहिरीला दोन मुठी.' 'पाणी खळखळा उकळून, तांब्याला चिमूटभर मीठ, गूळ.' 'उलटी झाली तरी थांबू नये, घोट घोट देत राहावं.' अक्षर तुझं. माझी पाटी तू गिरवून द्यायचीस तेच.

तुझ्या कागदाप्रमाणं सगळं चालू आहे. कसं चालू झालं ते सांगतो.

आमचं देऊळ पत्र्याचं. मे महिन्यात त्यात निरोगी माणूस टिकत नाही, आजारी काय टिकणार? रोमनांचं देऊळ दगडी, उंच, खाली गार फरशी. पण त्यांना पाणी ओढ्याच्या झऱ्याचं, आणि तोच झरा बाटलेला. चांगली बांधलेली, खोल विहीर आमच्याकडं. म्हणजे जागा त्यांची आणि पाणी आमचं असं केलं तर माणसं वाचतील, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. आमच्या पंचांना दिसत नव्हतं. रोमनवाले विहीर घाण करतील, म्हणाले. तिकडं त्यांचे म्हातारे म्हणत होते, मिशनवाले आमच्या मूर्तीवर थुंकतील. तीन दिवस हे चाललं, त्या तीन दिवसांत पाच माणसं गेली.

चौथ्या दिवशी चन्नम्मानं डोक्यावर घागर घेतली. तुझी भावजय कधी पंचांपुढं तोंड उघडत नाही. त्या दिवशीही उघडलं नाही. पंच बसले होते त्यांच्या मधून चालत रोमन देवळाकडं गेली. तिच्या मागं आणखी चार बाया. मग मी.

दाराशी माझे पाय थांबले. अक्का, दहा वर्षं मी त्या देवळातल्या मूर्तींविरुद्ध उपदेश केला आहे. आत चन्नम्मा एका म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी बाहेर, एक पाय पायरीवर ठेवून. अंकुशराव आतून आले. हात फिनेलनं पांढरे पडलेले. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, चपला काढून आत या. कुणाच्या पाया पडा म्हन्लं न्हाई मी. बादली धरा."

मी बादली धरली.

आता रोज असं चालतं. आमच्या बाया पाणी उकळतात, त्यांच्या बाया रोग्यांजवळ बसतात. आमची दोन माणसं विहिरींत दवा टाकत हिंडतात, त्यांची दोघं घाण पुरतात. अंकुशराव आणि मी आळीपाळीनं जागतो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी एका कोपऱ्यात जपमाळ सुरू केली, म्हणून मी दुसऱ्या कोपऱ्यात स्तोत्र वाचायला घेतलं. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. तेव्हा मधे पडलेला एक म्हातारा म्हणाला, "दोघं बी हळू बोला की. जरा डोळा लागायलाय."

तेव्हापासून एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. हळू आवाजात.

सोळा माणसं फरशीवर आहेत. फार थकलो आहे. दवा आणखी पाठव.

सिद्धराम


कौठाळी
२४ मे १९४३

अक्का,

दुसरं पार्सल मिळालं. याही खेपेला मी चिठ्ठी शोधली. पुढच्या वेळी शोधणार नाही.

गावाबद्दल लिहितो. पहिले काही दिवस देवळात फक्त आमचीच माणसं होती, दोन्ही गल्ल्यांतली. गावातलं कुणी आमच्या हातचं पाणी पीत नाही, तर आमच्या देवळात येऊन झोपेल कशाला? मग धनगरवस्तीवरून काशाप्पानं आपल्या बायकोला, बाणूबाईला, घोंगडीत घालून आणलं. डोळे खोल गेलेले, कातडी ओढली तर तशीच राहायची. चन्नम्मानं दिवसभर चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी बाणूबाई उठून बसली, समोर मरियेची मूर्ती बघितली, आणि तिनं जमिनीला डोकं लावलं.

"मरीआई तुमच्यात हाय तर," ती म्हणाली, "आधी कामून सांगितलं न्हाई? समदं गाव तिला लिंबाखाली हुडकायलंय."

अंकुशरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असेल. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की हे आत्ताच्या आत्ता समजावून सांगायला पाहिजे, पटकीची देवी वेगळी आणि ही वेगळी. त्यांनी कपाळ पुसलं. "सांगू की," म्हणाले. "पोटात पाणी ठरल्यावर सांगू. आत्ता तिला येऊ द्या, तिच्या मागं आनिक चार येतील." दहा वर्षांपूर्वी याच एका वाक्यावर मी दोन रविवार उपदेश केला असता. त्या दिवशी गप्प बसलो, आणि खरंच चार आली, मग नऊ.

पण पाटलाच्या वाड्यातून कुणी आलं नाही. आप्पाराव पाटलाची आई, सत्यभामाबाई, दोन दिवस आजारी असल्याचं कानावर आलं. मी दारात गेलो तर गड्यानं सांगितलं, घरात सगळं ठीक आहे. ठीक असलेल्या घरात दिवसाढवळ्या दारं लावून कुणी बसत नाही. परत आलो. अंकुशरावांना सांगितलं. आमच्या दोघांच्या हातचं चालत नाही, या बाबतीत तरी रोमन आणि मिशन एकच.

उपाय बाणूबाईनं काढला. धनगरांच्या हातचं पाणी वाड्यात चालतं. ती नीट चालू लागली नव्हती, तरी म्हणाली, मी नेते. तिनं स्वतः विहिरीतून शेंदलं, स्वतःच्या भांड्यात उकळलं, मीठ-गूळ घातला. आम्ही हात न लावता लांबून नुसतं सांगत राहिलो. चार दिवस ती वाड्यात जाऊन बसली. म्हातारी वाचली.

काल आप्पाराव आले. देवळाच्या पायरीपर्यंतच. आत सगळीकडं नजर फिरवली आणि विचारलं, काय पाहिजे? अंकुशरावांनी सरपण सांगितलं, मी ज्वारी. पेजेला कण्या लागतात. संध्याकाळी दोन गाड्या आल्या. आमच्या विहिरीचं पाणी आता 'वाचवणारं पाणी' म्हणून बाणूबाईच्या वस्तीवरची माणसं गावात वाहून नेतात. हे सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. माणूस मरत असताना कोणाच्या हातचं हे बघणं मला पटत नाही. पण भांडायला अंगात जोर नव्हता, आणि म्हातारी तर वाचली.

मरणारी आता कमी झाली आहेत. रोज एक, दोन.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, दोन राहिल्या आहेत. आज नाही जमत.

सिद्धराम


कौठाळी
४ जून १९४३

अक्का,

अंकुशराव गेले. परवा, पहिल्या तारखेला... नाही, दुसऱ्या. मला दिवस नीट आठवत नाहीत. तुझ्या जावेनं, भागम्मानं, तुला कळवायला सांगितलं आहे. तिला लिहिता येत नाही, आणि आता तिच्या घरात लिहिणारं कुणी राहिलं नाही.

सगळं क्रमानं लिहितो, लपवत नाही.

कौठाळीतला पहिला रोगी आमच्या गल्लीतला होता. लिंगाप्पा. जत्रेहून आला तो हगवण-ओकाऱ्या घेऊनच. मला बघताक्षणी कळलं की ही पटकी. तो पहाटे गेला. मी सगळ्यांना सांगितलं, ऊन लागलं. ख्रिस्ती गल्लीतून रोग आला असं झालं असतं तर गावानं आमची शाळा बंद केली असती, साहेबांनी मला विचारलं असतं. मी मिशनचं नाव जपलं. लिंगाप्पाच्या बायकोनं त्याचे कपडे ओढ्यात धुतले. खालच्या अंगाला रोमनांचा झरा. मी दोन दिवस गप्प होतो, अक्का. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत तिघं पडली.

हे मी अंकुशरावांना मे संपता संपता सांगितलं. आम्ही देवळामागं घागरी घासत होतो. ते राखेनं घासतच राहिले. मग म्हणाले, "मला ठावं हाय. भागम्मानं ते कपडे बघितले होते."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत?

"बोललो असतो तर आमची मानसं तुमच्या विहिरीवर आली नसती, न् तुमची आमच्या देवळात. मंग काय केलं असतं?" घागर पालथी घातली. "माझ्याजवळ बोल्लाव, चांगलं झालं. आता गल्लीपुढं बोला."

रविवारी दोन्ही गल्ल्या विहिरीजवळ बोलावल्या आणि सांगितलं. कुणी ओरडलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हातारी, जिचा मुलगा आणि सून गेली, ती उठून घरी गेली. दोन दिवस रोमनांपैकी कुणीही माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. चन्नम्माच्या हातचं घेत होते. तिसऱ्या दिवशी अंकुशरावांनी सगळ्यांसमोर माझ्या हातातला तांब्या घेतला आणि प्यायले. 

त्यानंतरच्या सकाळी ते पडले. इतके दिवस दुसऱ्यांना उचलून अंगात काही उरलं नव्हतं. पाणी ठरेना. दुपारी त्यांनी भागम्माला सांगितलं, फादर तर येणार नाहीत, मास्तरांना बोलवा. मी जवळ बसलो, स्तोत्र वाचायला घेतलं. त्यांनी हातानं नको म्हटलं. त्यांना त्यांची प्रार्थना पाहिजे होती, मरियेची. ती मला येत नव्हती, ठाऊक होती ती फक्त खंडन करण्यापुरती. भागम्मा एकेक शब्द सांगत गेली आणि मी तिच्या मागून म्हणत गेलो. भागम्माचा आवाज मधेच बसला, तेव्हा मला पुढचे शब्द येत होते. इतके दिवस आळीपाळीनं ऐकत होतो ना. मी शेवटपर्यंत म्हटली.

त्यांची स्मशानभूमी खडकाची. उन्हाळ्यात तिथं हातभरही खणलं जात नाही. म्हणून मेच्या मध्यापासूनच त्यांची माणसं आम्ही आमच्या भुईत घेत होतो, मधलं काटेरी कुंपण काढून. अंकुशरावांना तिथंच ठेवलं. दोन्ही गल्ल्या होत्या, धनगर होते, आप्पाराव पाटील हद्दीबाहेर उभे होते.

माती लोटताना मला तुझी मुलगी आठवली. ही दुसरी गोष्ट.

तू तिला फडक्यात घेऊन माझ्या दारात आली होतीस. त्यांच्या देवळाला तेव्हा स्मशानभूमीच नव्हती. तू आईशेजारी चार हात जागा मागितलीस. मी म्हणालो, रोमन बाप्तिस्मा झालेल्या लेकराला मिशनच्या भुईत जागा देता येत नाही, नियम आहे. अक्का, तसा नियम नव्हता. मी कुणाला विचारलंही नाही. तू अंकुशरावांच्या भावाशी लग्न करून रोमन झालीस तेव्हा साहेब मला म्हणाले होते, घरचंच माणूस राखता आलं नाही, गल्ली काय राखणार? ते मी मनात धरून ठेवलं होतं. ते मी त्या लेकरावर काढलं.

तू तशीच माघारी फिरलीस. तुम्ही तिला ओढ्याकाठी पुरलंत. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला आणि ओढ्यानं काठ खाल्ला, हे मला ठाऊक आहे. मी बघायला गेलो होतो. तुला कधी सांगितलं नाही.

सिद्धराम


कौठाळी
२२ जून १९४३

अक्का,

पटकी गेली. दहा दिवस नवं माणूस पडलेलं नाही. एकूण एकेचाळीस गेली. सरकारी डॉक्टर परत आले होते. म्हणाले, या आकाराच्या गावांत शंभराच्या खाली राहिलेलं हे एकच.

तुझं तिसरं पार्सल या खेपेला भागम्माच्या नावानं आलं, आणि त्यात तिच्यासाठी लुगडं होतं. तिनं ते मला दाखवलं.

साहेब आले होते. शाळा बघितली, हजेरीपट बघितला, मग मला एकट्याला बसवून विचारलं की रोमन माणसाच्या मरणाच्या वेळी मी मरियेची प्रार्थना म्हटली, हे खरं का? मी व्हय म्हणालो. स्मशानभूमीचं कुंपण काढलं, हे खरं का? व्हय. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं, चार गावांत त्यांनी स्वतः माणसं पुरली आहेत. ते म्हणाले, संकटात झालं, देव समजून घेईल. फक्त चूक झाली असं दोन ओळींत लिहून दे, मी वर पाठवतो, विषय संपेल.

मी दोन ओळी लिहिल्या. त्या अशा, की चूक झाली ती एप्रिलमध्ये, लिंगाप्पाचा रोग लपवला ती, आणि त्याआधी एक. मेमध्ये झालं ते चुकून झालेलं नाही.

माझी बदली ठाणाकुशनूरला झाली आहे. शाळा लहान, घर गळकं, असं चन्नम्मा कुणाकडून तरी ऐकून आली. ती रागावलेली नाही. एवढंच म्हणाली, घागरी आपल्या आपण न्यायच्या.

इथं जे जमलं ते सगळं टिकेल असं मला वाटत नाही. आमचे पंच कुंपणाचे काटे परत गोळा करायला लागले आहेत. रोमनांची काही माणसं म्हणतात, नवे फादर आले की देऊळ धुऊन पवित्र करून घेऊ, मिशनवाले आत झोपले होते. गावात पुन्हा आम्हाला लांबून हाक मारतात. हे लिहिताना वाईट वाटायला हवं, पण मी इतका दमलो आहे की नुसतं दिसतं तेवढं लिहितो.

एक राहिलं आहे. दर सोमवारी चन्नम्मा, भागम्मा आणि बाणूबाई तिघी मिळून गावच्या सगळ्या विहिरींत दवा टाकायला जातात. पाटलाच्या विहिरीपासून सुरुवात करतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, थांबवायची कुणाची छातीही नाही. चन्नम्माच्या जागी लिंगाप्पाची बायको जाणार आहे. तिनं स्वतःहून विचारलं.

जाण्यापूर्वी मला मरणाचं पुस्तक पुरं करायचं आहे. यंदा त्यात दोन्ही गल्ल्यांची नावं एकाखाली एक लिहिली आहेत, रोमन कोण, मिशन कोण, ते लिहिलेलं नाही. त्यात १९३१ सालच्या पानावर एक ओळ घालायची आहे. लेखणी उचलली आणि लक्षात आलं, मला तिचं नाव माहीत नाही. तू तिला माझ्या दारात घेऊन आलीस, आणि मी ते विचारलंच नव्हतं.

क्षमा माग असं मला सारखं आतून वाटतं. मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल किंवा नाही म्हणावं लागेल, हे ओझं तुझ्यावर कशाला घालू? फक्त नाव कळव. नाही कळवलंस तरी समजेन.

सिद्धराम


कौठाळी
१२ जुलै १९४३

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. मी त्या चन्नम्माला वाचून दाखवल्या, मग भागम्माला.

'बाप्तिस्म्याचं नाव मरिया. मी सगुणा म्हणायची. अकरा महिन्यांची होती.'

सगुणा. आईचं नाव.

मला हे त्या दिवशी कळलं असतं तर मी जागा दिली असती, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. आईचं नाव नसतं तरी जागा द्यायला हवी होती.

त्याच पुस्तकात मागं आईची ओळ आहे. मी तुझ्या मुलीची लिहिली, 'सगुणा मरिया, अकरा महिने, आई निलम्मा'. खाली सही केली. तुझ्या नवऱ्याचंही नाव घातलं.

पुरायला काही नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी आईशेजारी चार हात जागा साफ करून घेतली. दगड काशाप्पानं आणून दिला, ओढ्यातलाच, पाण्यानं गुळगुळीत झालेला. मी कुणाला बोलावलं नव्हतं. रविवारी आमची उपासना सुटल्यावर आम्ही दोघंच जाणार होतो. भागम्मा निघाली, तिच्या मागं रोमनांच्या गल्लीतली माणसं निघाली. मग आमची. ज्या म्हातारीचा मुलगा आणि सून गेली तीही आली. ती माझ्याशी अजून बोलत नाही. येऊन दगडाजवळ बसली. आमचे पंचही आले, एकाच्या हातात कुंपणाचे काटे होते, ते त्यानं बाजूला ठेवले. परत लावणार नाही असं काही तो म्हणाला नाही.

मी पुस्तक उघडलं. ओळ वाचायला लागलो आणि आवाज फुटेना. इतकी वर्षं लोकांपुढं बोलून पोट भरणारा माणूस मी.  सगळे वाट बघत होते.

भागम्मा जवळ आली. तिला वाचता येत नाही. तिनं पुस्तकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळूच विचारलं, "काय नाव हाय लेकराचं?"

मी तिच्या कानात सांगितलं. तिनं ते मोठ्यानं म्हटलं. मग जी माणसं तिथं होती, दोन्हीकडची, त्या सगळ्यांनी म्हटलं.

तुझा
सिद्धराम